जुलैत आगुंब्याला २१ दिवस स्वयंसेवक म्हणून: सॅकमध्ये काय भरू?

सोनकी

नमस्कार मंडळी. जुलैत तीन आठवडे कर्नाटकात आगुंब्याजवळच्या एका फील्ड स्टेशनवर स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलंय. काम दोन प्रकारचं आहे. सकाळी रोपवाटिकेत माती चाळणं, पिशव्या भरणं, तण काढणं, अधूनमधून लागवड. आणि आठवड्यातून चार रात्री बेडकांचं सर्वेक्षण, साधारण सात ते दहा, ओढ्याकाठी आखून दिलेल्या पट्ट्यांवर. राहायला कौलारू खोली, चौघीजणींत एक. वीज आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका असं आधीच कळवलंय. पुण्याहून उडुपीपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने घाट चढून जाणार.

सह्याद्रीतले पावसाळी ट्रेक नवे नाहीत, पण तिथून संध्याकाळी घरी परतता येतं. सलग तीन आठवडे ओल्यात राहायचं गणित वेगळं असणार. आतापर्यंतची यादी अशी: ६० लिटरची सॅक आणि तिचं रेनकव्हर, ट्रेकिंगचे बूट, चार कॉटनचे टी-शर्ट, दोन ट्रॅकपँट, प्रवासाला एक जीन्स, पाँचो, स्लीपिंग बॅग, टर्किश टॉवेल, एक हेडटॉर्च, २०,००० एमएएचची पॉवर बँक, कॅमेरा, डासांचं मलम, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी, नेहमीची औषधं.

यातलं काय काढू, काय घालू? बूट कोणते घ्यावेत आणि जळवांचं काय करायचं, यावर जरा सविस्तर सांगाल का?

घाटपायथा

आधी कपड्यांचं बोलतो, कारण यादीतली निम्मी चूक तिथेच आहे.

आगुंब्याला वर्षाला सरासरी ७,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहरात पडतो त्याच्या साधारण दहापट. त्यातला सर्वांत जोराचा महिना जुलै. तिथे भिजायचं तर आहेच. गोची होते ती काही वाळत नाही म्हणून. जाड कॉटनचा टी-शर्ट वळचणीखाली टांगला तर चौथ्या दिवशीही दमट लागतो आणि तोवर त्याला कुबट वास धरलेला असतो. जीन्स तर तीन आठवड्यांत वाळतच नाही, वर ओली झाली की दीड किलोचा दगड. जीन्स काढा, चारही कॉटनचे टी-शर्ट काढा.

कपड्यांचे दोन ढीग करा आणि ते मनानेही वेगळे ठेवा: रानातले आणि खोलीतले. रानातले म्हणजे पॉलिएस्टरचे पूर्ण बाह्यांचे तीन टी-शर्ट आणि नायलॉनच्या दोन सैलसर पँट. ट्रॅकपँट चालेल, पण आतून ब्रश केलेली, मऊ लवेची नको. ती स्पंजासारखं पाणी धरते. खोलीतले म्हणजे एक सुती टी-शर्ट, एक पायजमा, एक पातळ फ्लीस आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड. रात्री पारा वीसच्या आसपास येतो. आकडा ऐकून थंडी वाटत नाही, पण चार तास ओलं राहून आल्यावर दात वाजतात. फ्लीस त्यासाठी.

आता नियम एकच, पण तो कडक पाळायचा. खोलीतला जोड रानात न्यायचा नाही. दहा मिनिटांसाठी नाही, नुसतं रोपवाटिकेपर्यंत जायला नाही. सकाळी कालचा ओला शर्ट अंगात घालायचा जीव होत नाही आणि हात आपोआप कोरड्याकडे जातो. तसं दोनदा झालं की तिसऱ्या रात्री झोपायला कोरडं काही उरत नाही, आणि तिथून पुढे सर्दी, खाज, चिडचिड सगळं सुरू होतं. ओला शर्ट घातल्यावर दोन मिनिटं शिरशिरी येते, चालायला लागलं की अंगाच्या उबेने जाते. ती दोन मिनिटं सोसायची.

आतले कपडे सात जोड, तेही पातळ सिंथेटिक किंवा सुती-सिंथेटिक मिश्र. पॅड लावलेल्या ब्रा वाळत नाहीत, साध्या पातळ घ्या. टर्किश टॉवेल घरी ठेवा आणि दोन पंचे घ्या. पंचा पिळला की निम्मं काम झालं, आणि तो वाळवण्याच्याही कामी येतो: धुतलेला शर्ट पंच्यावर पसरायचा, दोन्ही मिळून गुंडाळी करायची, एक टोक पायाखाली धरून पीळ द्यायचा. शर्टातलं बरंच पाणी पंच्यात येतं आणि पॉलिएस्टर असेल तर दुसऱ्या दिवशी घालण्याजोगा होतो. दहा मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर मोठ्या सेफ्टी पिना घ्या. लाकडी चिमटे वाऱ्यात सुटतात आणि बुरसतात.

चामड्याची कुठलीही वस्तू नको. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, सगळ्यावर आठवड्याच्या आत पांढरी बुरशी येते. पैसे झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये.

स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर अजिबात नको. पिसं ओल धरून गोळा होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक असेल तर चालेल, पण खोलीत झोपायचंय तर पातळ ब्लँकेट आणि दोन सुती चादरी बऱ्या, कारण त्या आलटून पालटून हवेशीर करता येतात. गोधडीचा मोह टाळा, एकदा दमटली की जायच्या दिवसापर्यंत तशीच.

कारवी

कपड्यांबाबत घाटपायथा यांच्याशी पूर्ण सहमत. मी पायांपुरतं लिहिते.

तुमच्या कामाला गमबूट. ट्रेकिंगचे उंच बूट एकदा आत भिजले की महिनाभर वाळत नाहीत. आतला फोम पाणी धरतो, वॉटरप्रूफ अस्तर असेल तर ते आत शिरलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. रोपवाटिकेतला चिखल आणि ओढ्याकाठची रात्र, दोन्हींना गमबूटच योग्य. शिवाय पालापाचोळ्यातल्या सापांपासून पोटरीपर्यंत आडोसा मिळतो, ते वेगळंच.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, उंची १३ ते १५ इंच. घोट्याच्या जरा वर येणारे आखूड गमबूट बागकामाला ठीक, ओढ्याला नाही. दोन, तळ. नखाने दाबला तर किंचित दबला पाहिजे आणि खाचा खोल हव्यात. कडक पीव्हीसीचा गुळगुळीत तळ शेवाळलेल्या जांभ्यावर साबणासारखा सरकतो. तीन, माप. दुकानात जाताना जाड मोजे घेऊन जा, ते घालूनच बूट चढवा, बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा हवी. त्याहून सैल घेतलात तर चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय मोकळा बाहेर येतो. घट्ट घेतलात तर टाच सोलते.

गमबुटात पोटरीला कड घासते, म्हणून मोजे गुडघ्यापर्यंतचे हवेत. फुटबॉल खेळणारे वापरतात ते लांब नायलॉनचे मोजे स्वस्त, पातळ आणि लवकर वाळणारे. पाच जोड घ्या. घाम आतच राहतो, त्यामुळे बाहेरून थेंब न शिरताही संध्याकाळी मोजे ओलेच निघतात. हे गृहीत धरा.

रात्री आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने काढून नवे घाला, मग बूट उलटे करून काठीवर लावा. जुनी वर्तमानपत्रं घरून न्या, सहा-सात अंक पुरतात. सकाळी घालण्याआधी बूट उलटा करून टाच दोनदा जमिनीवर आपटायची. विंचू, कोळी, बेडूक यांना ती जागा फार आवडते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

गमबूट घालून गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. वरून पाणी शिरलं की प्रत्येक बुटात काही किलो वजन होतं आणि पाय उचलत नाही. ओढा बुटाच्या कडेवर आलेला दिसला की त्या रात्रीचं सर्वेक्षण तिथेच थांबवायचं.

खोलीत आणि बाहेर कपडे वाळत घालायला रबरी सँडल किंवा साध्या स्लिपर. पायांना दिवसातून किमान आठ तास कोरडी हवा मिळालीच पाहिजे, नाहीतर चिखल्या ठरलेल्या. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, पूर्ण कोरड्या करून मग क्लोट्रिमॅझोलची (बुरशीवरच्या औषधाची) पावडर. ओल्या पायावर पावडर टाकली तर तिचा चिखल होतो आणि बेचकी अजून कुजते. टाचा आणि तळवे फुटायला लागले तर कोकणातलं कोकमाचं तेल, मुठेल म्हणतात ते, जरा कोमट करून चोळा. घट्ट वडी मिळते, सांडायची भीती नाही.

आता जळवा. मीठ-तंबाखूची पुरचुंडी काढून टाका. दोन कारणं. पहिलं, बुटावर चोळलेलं मीठ त्या पावसात पाच मिनिटंही टिकत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: ते वाहून ओढ्यात जातं, आणि बेडकाची कातडी पाणी आणि क्षार थेट शोषते. ज्यांची मोजणी करायला जाताय त्यांच्याच पाण्यात मीठ आणि निकोटिन सोडणं बरोबर नाही.

खरा उपाय म्हणजे जळूमोजे. साध्या विणलेल्या मोज्याच्या जाळीतून जळू सुतासारखी बारीक होऊन आत शिरते. घट्ट विणीच्या कापडातून तिला जमत नाही. आतून लांब मोजा, त्यात पँटचं टोक खोचलेलं, त्यावर गुडघ्यापर्यंत जळूमोजा, वर नाडी, आणि मग गमबूट. शर्ट पँटमध्ये खोचलेला. मान आणि कान राहतात. झुडपांवरून येणाऱ्या जळवांसाठी गळ्याभोवती पातळ बफ.

चिकटलीच तर ओढायची नाही, काडीने चटका द्यायचा नाही. चटका किंवा मीठ लागलं की ती पोटातलं जखमेत ओकू शकते आणि तिथे पू होतो. बारीक टोक म्हणजे तोंड. त्याच्या कडेला कातडीवर नख सपाट ठेवून आडवं सरकवायचं, पकड सुटते. मग जाड टोकाखालून तसंच. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती गेल्यावरही तासभर किंवा त्याहून जास्त रक्त झिरपत राहतं. घाबरायचं काही नाही. धुऊन, कापसाचा लहान बोळा दाबून वर चिकटपट्टी. पुढचे तीन-चार दिवस खाज येईल, तेव्हा नखं लागली तर जखम चिघळते. नखं कापूनच जा.

तेरडा

बेडकांच्या सर्वेक्षणापुरतं.

एक हेडटॉर्च पुरत नाही. डोक्यावरचा एक आणि हातातली एक बॅटरी, दोन्ही हव्यात, कारण आगुंब्यात जुलैच्या रात्री पाऊस नसला तर धुकं असतं. डोळ्यांच्या रेषेतून निघालेला उजेड थेंबांवर आपटून थेट परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हातातली बॅटरी कमरेजवळ धरून उजेड खालून टाकला की तीच जागा स्वच्छ दिसते. उलट पाऊस उघडला असेल तर डोक्यावरचा टॉर्च कामाचा: तुमच्या नजरेच्या ओळीत उजेड असल्याने पानांवरच्या बेडकांचे डोळे चमकून दिसतात. कोळ्यांचेही चमकतात, त्यांचा ठिपका बारीक आणि निळसर-हिरवा. दोन-तीन रात्रींत नजर बसते.

२०० ते ३०० ल्युमेन भरपूर झाले. आयपीएक्स४ (पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेलं म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं. निदान एक टॉर्च आयपीएक्स७ चा घ्या. तीन तासांच्या चार रात्री, तीन आठवडे, म्हणजे ३६ तास उजेड. यूएसबीवर चार्ज होणारा असला तरी सुट्या सेलवर चालणारा दुसरा असू द्या, कारण झाड पडून तारा तुटल्या की वीज दिवस-दोन दिवस येत नाही. सौर पॅनेल नेऊ नका, जुलैत त्याच्यासाठी ऊन नसतं.

डासांच्या मलमाबाबत काळजीने सांगतो. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम हाताला लागलेलं असताना बेडकाला स्पर्श करू नका, त्याच्या कातडीतून ते आत जातं. सर्वेक्षणाच्या रात्री मलम लावायचंच असेल तर मनगटाच्या वर, आणि तळहात साध्या पाण्याने दोनदा धुऊन. त्यापेक्षा पूर्ण बाह्या आणि बफ बरे. हाताळायची परवानगी आणि गरज असेल तरच पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे, प्रत्येक बेडकाला नवा जोड, ओढ्याच्या पाण्यात बुडवून ओला केलेला. स्टेशनवर पुरवतात का ते विचारा, नसतील तर ५० चं एक खोकं न्या. डीट प्लास्टिकही विरघळवतं. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम, टॉर्चचं बटण चिकट होतं. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारायचा सल्ला परदेशी यादीत दिसेल. ओढ्यात उतरणाऱ्याने तो अजिबात ऐकू नये, पाण्यातल्या जिवांना ते अत्यंत विषारी आहे.

नोंदींना जेल पेन किंवा बॉलपेन नको, शाई पसरते आणि ओल्या कागदावर पेन सरकतच नाही. पेन्सिल, २बी, तीन नग, दोरीने वहीला बांधलेली. पावसात लिहिता येणारी वॉटरप्रूफ वही ऑनलाइन मिळते, एक पुरते. स्टेशनच्या छापील तक्त्यांवर लिहायचं असेल तर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी एवढी मोठी घ्या की तक्ता आत ठेवून हातही आत घालता येईल.

पाँचोवर माझं मत वेगळं आहे. रानात पाँचो झुडपांत अडकतो, खाली पाय दिसत नाहीत आणि आत घामाने तेवढंच भिजायला होतं. जुन्या लोकांचं इरलं बघा: डोकं आणि पाठ झाकलेली, समोरून हवा खेळती, दोन्ही हात मोकळे. लावणी करणाऱ्यांनी शेकडो वर्षं तेच वापरलं, त्याला कारण आहे. रोपवाटिकेत बसून काम करताना बाजारात मिळणारं प्लास्टिकचं घोंगतं त्याच तत्त्वावर चालतं, तिथल्या दुकानातही मिळेल. रात्री उभं राहून आवाज ऐकायचे आणि नोंदी करायच्या, तिथे लांब दांड्याची भक्कम छत्री. झाडांखाली वारा कमी असतो, छत्री टिकते. तीन घड्यांची नको, तिच्या काड्या पहिल्याच आठवड्यात मोडतात. जोडीला पातळ रेनजॅकेट, बस्स.

चष्मा असेल तर रेनजॅकेटच्या टोपीखाली पुढे झाप असलेली कॅप घाला, काचेवर थेंब येत नाहीत. चष्म्याला दोरी आणि जुना का होईना, एक जादा चष्मा. कॉन्टॅक्ट लेन्स तिथे वापरू नयेत. मातीचे हात आणि ओढ्याचं पाणी, डोळ्याच्या संसर्गाला एवढं पुरतं.

हिरडा

औषधांबद्दल. डॉक्टरांना निघण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी भेटा आणि "पावसाळ्यात जंगलात, चिखलात तीन आठवडे काम" असं स्पष्ट सांगा.

पहिली काळजी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, कातडीवरच्या बारीक ओरखड्यांतून तो शिरतो. रोपवाटिकेत उघड्या हातांनी माती कालवणं म्हणजे नेमका धोका. रबरी हातमोजे दोन जोड न्या, कोपरापर्यंतचे. डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅ आठवड्यातून एकदा असा प्रतिबंधक डोस अशा कामासाठी देतात, पण तुम्हाला द्यायचा की नाही हे डॉक्टरच ठरवतील. गरोदरपणात ते चालत नाही. घेतलंत तर जेवल्यावर, पेलाभर पाण्यासोबत, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखं होतं.

धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते तपासा. दहा वर्षं उलटली असतील तर घेऊन जा.

आगुंबे तीर्थहळ्ळी तालुक्यात येतं आणि तो माकडतापाचा पट्टा आहे. शिमोगा जिल्ह्यातल्याच क्यासनूर जंगलात १९५७ साली हा आजार प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग भागातही २०१६ पासून रुग्ण आढळले आहेत. गोचिडींमार्फत पसरतो, मुख्य हंगाम डिसेंबर ते मे. जुलैत धोका कमी, तरीही रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण आणि केसांची मुळं तपासायची सवय ठेवा. गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता स्टेशनला कळवा.

पेटीत ठेवा: पॅरासिटामॉल, ओआरएसची एक लिटरची दहा पाकिटं (पावसातही घाम प्रचंड जातो, तहान मात्र लागत नाही), सेट्रिझिन, पोव्हिडोन आयोडीन मलम, चिकटपट्टीचा रोल, कापूस, क्रेप बँडेज, बारीक चिमटा, क्लोट्रिमॅझोलची पावडर आणि मलम. गजकर्णासाठी दुकानदार स्टिरॉइड मिसळलेलं मलम देतात, ते घेऊ नका. दोन दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुप्पट पसरतो. नुसतं क्लोट्रिमॅझोल मागा. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, त्या हवेत गोळ्या सादळून फुटतात. पाकिटातच राहू द्या.

ताप आल्यास पॅरासिटामॉलच घ्या. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको, डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगावर कुठे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा, ती स्क्रब टायफस या तापाची खूण असू शकते. परतल्यावर महिनाभरात ताप आला तरी जंगलात होता हे आवर्जून सांगायचं.

सापांबाबत. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आहे. तिथे जास्त दिसणाऱ्या मलबारी चापड्यावर किंवा नागराजावर ते लागू पडत नाही. म्हणून सगळा भर न चावण्यावर. मलबारी चापडा ओढ्याकाठच्या झुडपांत हाताच्या उंचीवर, कधी पानांच्या रंगाचा तर कधी तपकिरी, तासन्‌तास निश्चल बसतो. आधाराला फांदी धरण्याआधी तिच्यावर उजेड टाकायचा, हे एवढं पाळा. दंश झालाच तर अंगठी-घड्याळ काढायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ रुग्णालय.

सोनकी

सगळ्यांचे मनापासून आभार. जीन्स, कॉटन, टर्किश टॉवेल, पुरचुंडी, पाँचो बाद. गमबूट आणि लांब दांड्याची छत्री यादीत आली.

तीन गोष्टी राहिल्या. जळूमोजे शिंप्याकडून शिवून घ्यायचे तर माप काय सांगू? कॅमेरा न्यावा का? आणि पाळीच्या दिवसांत तिथे काय सोयीचं पडतं?

कारवी

जळूमोज्यांना पांढरं किंवा फिकट पॉपलीन घ्या, जळू लगेच दिसते. पन्हा ४४ इंच असेल तर एका जोडीला एक मीटर पुरतं. दोन जोड शिवा, म्हणजे दोन मीटर.

शिंप्याला एका जोडीसाठी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे चार तुकडे कापायला सांगा. पावलाची लांबी तुमच्या पायापेक्षा तीन सेंमी जास्त, टाचेपासून वरची उंची ४५ सेंमी. पोटरीचा घेर पँट घातलेल्या पायावर मोजून त्यात सहा सेंमी मिळवा. घोट्यापाशीही टाच आत जाईल एवढा सैल. लोक पोटरी मोजतात आणि घोटा विसरतात, मग मोजा चढतच नाही. शिवण दुहेरी आणि बारीक टाक्याची, आणि कडा बाहेरच्या बाजूला, म्हणजे पायाला घासत नाहीत. वर नाडीसाठी नेफा. नाडी सुती नको, ओली झाली की गाठ सुटत नाही. नायलॉनची नाडी आणि दाबून सरकवायचं बटण लावा. आधी एकच शिवून, आतून लांब मोजा आणि पँट खोचून चढवून बघा, मग बाकीचे.

पाळीसाठी कप वापरायची सवय असेल तर तोच सर्वांत सोयीचा, पण सवय नसेल तर पहिला प्रयोग तिथे करू नका. दोन महिने आधी घरी करून बघा. कप उकळायला छोटं स्टीलचं भांडं न्या. कापडी पॅड वाळत नाहीत, नकोच. नेहमीचे पॅड न्यायचे तर वापरलेले परत आणायची तयारी ठेवा. त्या पावसात जाळता येत नाहीत आणि पुरले तर रानडुकरं उकरतात. जाड काळ्या पिशव्या आणि घट्ट झाकणाचा एक डबा त्यासाठी वेगळा.

घाटपायथा

कॅमेरा न्या, पण त्याच्यासाठी घर बरोबर न्या: रबरी गॅस्केट असलेला, चारही बाजूंनी चाप बसणारा पाच लिटरचा डबा आणि त्यात पाव किलो सिलिका जेल, सुती पिशवीत बांधून. नारंगी दाणे घ्या, ओल शोषली की हिरवट होतात. मग जुन्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत परत नारंगी होईपर्यंत तापवायचे, झाकून गार करायचे आणि पुन्हा डब्यात. निळे दाणे नको, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते चुलीजवळ आणायची वस्तू नाही. दर तीन-चार दिवसांनी तापवावे लागतील. तांदूळ घालायचा सल्ला ऐकू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पीठ मात्र बटणांत जातं. ओला कॅमेरा थेट डब्यात ठेवला तर डब्यातच बुरशीची शेती होते, आधी पंच्याने पुसून तासभर उघड्यावर. लांब लेन्स घरीच राहू दे, धुक्यात पन्नास फुटांपलीकडचं काही मिळत नाही. मॅक्रो पुरे.

सॅकचं रेनकव्हर हे खोटं समाधान आहे. पाठीकडची बाजू उघडीच असते, पाणी तिथून ओघळून तळाशी जमतं आणि कव्हर ते धरून ठेवतं. खरी राखण आतून. शेतीच्या दुकानात जाड प्लास्टिकची मोठी पिशवी मिळते, खताच्या गोणीच्या आत असते तशी. ती सॅकमध्ये अस्तरासारखी बसवा. कचऱ्याच्या पिशव्या पातळ असतात, पहिल्याच बकलला फाटतात. सामान भरून हवा दाबून काढा, तोंड तीनदा गुंडाळा, पीळ द्या, दुमडून रबराने बांधा. आत पुन्हा प्रत्येक गट वेगळ्या पिशवीत: खोलीतला जोड, बिछाना, औषधं, कागदपत्रं. खोलीतला जोड सर्वांत आत, मध्यभागी. छत्री, ओआरएस, टॉर्च आणि एक पंचा अस्तराच्या बाहेर, वरच्या कप्प्यात, म्हणजे बसमधून उतरल्यावर पावसात अस्तर उघडावं लागत नाही. सगळं मिळून ११-१२ किलोच्या वर जात असेल तर काहीतरी जास्तीचं आहे.

खाऊ न्यायचा तर चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे. चिवडा, फरसाण दुसऱ्या दिवशी सादळतं. डबा स्टीलचाच, प्लास्टिकच्या पिशव्या उंदीर एका रात्रीत कुरतडतात आणि त्यातूनच पुन्हा लेप्टोचा प्रश्न येतो.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. पुढच्या बसच्या वेळेत दोन-तीन तासांची सवड ठेवा. आगुंबे घाटात १४ तीव्र वळणं आहेत, दरड किंवा झाड पडलं की खोळंबा होतो. उलटीची गोळी लागत असेल तर घाटाच्या अर्धा तास आधी.

तेरडा

एक राहिलं, आणि ते निघण्याआधी घरीच करायचं आहे. इथल्या ट्रेकमध्ये वापरलेले बूट, काठी किंवा सॅक नेणार असाल तर ताठ ब्रशने तळाच्या खाचांमधली माती पूर्ण काढा, धुवा आणि कडक कोरडं करून मगच भरा. काइट्रिड नावाची बुरशी बेडकांना मारते आणि ती ओल्या मातीतून, पाण्यातून एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाते. पूर्ण कोरडं होणं तिला सोसत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी हे उरकलं तर घरात पंख्याखाली वाळायला वेळ मिळतो.

तिथून परतताना मात्र काहीच वाळणार नाही, तेव्हा स्टेशनवर ब्लीचचं द्रावण करून ठेवलेलं असतं का ते विचारा आणि गमबूट त्यातून काढा. तसेच पुढच्या आठवड्यात आंबोलीला नेऊ नका. आंबोलीचा तो वाघासारख्या पट्ट्यांचा भेक जगात त्या परिसराबाहेर कुठेच नाही. साबण-डिटर्जंट ओढ्यात वापरायचं नाही, धुणं बादलीत आणि ते पाणी ओढ्यापासून निदान ५० मीटर दूर, झाडीत. ताठ ब्रश सॅकमध्ये टाका, कपडे धुण्याचा साधा चालतो.